अपघाताच्या दाव्यासाठी वकील निवडताना नेमके काय पाहावे?

चिऱ्याचं_घर (१४ जानेवारी)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बांधकामावरचा गवंडी आहे, वय ३४. गेल्या नोव्हेंबरात कामावरून परतताना हातखंब्याच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने त्याच्या दुचाकीला धडक दिली. उजव्या मांडीचे हाड मोडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आत सळई आणि पट्टी आहे. कुबडी घेऊन तो आता पडवीतून अंगणापर्यंत येतो, पण गुडघा अर्ध्यावरच अडतो. डॉक्टरांच्या अंदाजाने कायमचे अपंगत्व ३५ टक्क्यांच्या आसपास राहील. पोलिसांत गुन्हा नोंदलेला आहे आणि टेम्पोचा विमा चालू होता, एवढे कळले आहे.

प्रश्न वकिलाचा आहे. रुग्णालयात असतानाच एक गृहस्थ खाटेपाशी आले, छापील वकीलपत्र पुढे ठेवले आणि म्हणाले की आता एक रुपयाही नको, पैसे मिळाले की ३० टक्के द्या. मी सही करू दिली नाही. मुंबईतील चुलतभाऊ म्हणतो की तिकडचाच मोठा वकील करू, विमा कंपनीची कचेरीही तिकडेच आहे. आई म्हणते की आपल्या तालुक्याचे वकीलकाका आहेतच. आमची कुळाची आणि वहिवाटीची प्रकरणे त्यांनी वीस वर्षे पाहिली आणि ते घरच्यासारखे आहेत. तिघांपैकी कोणाचेही काम या प्रकारच्या दाव्यात मी पाहिलेले नाही. पहिल्या भेटीत काय विचारावे आणि कशावरून ओळखावे, हे ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगावे.

वाशिष्ठीकाठ (१४ जानेवारी)

ताई, सही करू दिली नाहीत हे फार चांगले केलेत. आम्ही केली होती. बाबांचा अपघात परशुराम घाटात झाला, तेव्हा असाच एक माणूस रुग्णालयात आला आणि आम्ही गोंधळलेल्या अवस्थेत चार कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या. पुढे साडेतीन वर्षांत प्रत्यक्ष वकिलांची भेट दोनदा झाली, तीही न्यायालयाच्या व्हरांड्यात. बाबा काय काम करत होते हे त्यांना साक्षीच्या दिवशी सकाळी कळले. बाबा माशांच्या टेम्पोवर चालक होते, अर्जात मात्र ‘मजुरी’ असे लिहिलेले होते. भरपाई मंजूर झाली तेव्हा त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग ठरल्याप्रमाणे आणि ठरले नव्हते तसाही निघून गेला. मला वाईट वाटते ते पैशांपेक्षा त्या एका शब्दाचे. ‘चालक’ असे लिहिले असते तर हिशेबच वेगळा झाला असता.

सडा_आणि_समुद्र (१५ जानेवारी)

मी कोकणातील एका जिल्हा न्यायालयात सतरा वर्षे वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खाटेपाशी येऊन काम मागणे हेच मुळात नियमबाह्य आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून किंवा मध्यस्थ पाठवून काम मिळवता येत नाही, आणि निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागता येत नाही. त्यामुळे जो पहिल्याच भेटीत टक्केवारी बोलतो, तो आपल्या व्यवसायाचा नियम मोडूनच तुमच्याशी नाते सुरू करतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. मोटार वाहन कायद्यातील १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. तुमचा मे महिना उजाडण्यापूर्वी अर्ज आत गेला पाहिजे.

आता मूळ प्रश्न. वकील हा दावा समजतो की नाही, हे ओळखण्याची माझी एकच खूण आहे. तो आधी अपंगत्वाची टक्केवारी विचारतो की भाऊ काय काम करत होता हे विचारतो, ते पाहा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा फरक पक्का केलेला आहे. शरीराचे अपंगत्व किती आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालातच उदाहरण दिले आहे की डावा हात गेल्यास शारीरिक अपंगत्व ६० टक्के धरले जाईल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याच्या कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के असू शकते आणि सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही.

तुमच्या भावाचे गणित मांडून दाखवतो. महिन्याची कमाई १५,००० रुपये सिद्ध झाली असे धरू. वय ४० च्या आत असल्यामुळे भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की २१,००० होतात, वर्षाचे २,५२,०००. वय ३१ ते ३५ असल्यास गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे ती वयानुसार ठरलेली संख्या) १६ लागतो, म्हणजे ४०,३२,०००. वकिलाने डॉक्टरांचा ३५ टक्क्यांचा दाखला जोडला आणि तेवढ्यावरच थांबला, तर कमाईच्या नुकसानीपोटी १४,११,२०० रुपये होतील. त्याच वकिलाने जर सिद्ध केले की वाकत नसलेल्या गुडघ्याने गवंडीकाम होत नाही आणि न्यायाधिकरणाने (मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने) कमाईचे नुकसान ७० टक्के धरले, तर तीच रक्कम २८,२२,४०० रुपये होईल. उपचारांचा खर्च, वेदना, सोबतीला लागणारे माणूस हे सगळे त्याशिवाय. चांगला वकील आणि नुसता वकील यांतील अंतर असे आकड्यांत दिसते.

कातळसडा (१५ जानेवारी)

वकील साहेबांचा मान राखून असहमती नोंदवतो. टक्केवारी वाईट, हे मान्य. पण ज्या घरातला कमावता माणूस खाटेवर आहे आणि शस्त्रक्रियेसाठी बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले आहे, त्या घराने वकिलाची फी आगाऊ कुठून द्यायची? माझे मामा काजूच्या कारखान्यात होते. त्यांचा दावा एका वकिलाने पदरचे पैसे घालून लढवला, कागदपत्रांच्या नकलांपासून डॉक्टरांच्या गाडीभाड्यापर्यंत सर्व त्याने केले आणि शेवटी आपला हिस्सा घेतला. मामा आजही त्याचे नाव आदराने काढतात. नियम पुस्तकात बरोबर असतील, पण गरिबाला त्या दिवशी दार कोण उघडतो हेही पाहायला हवे.

निवृत्त_शिरस्तेदार (१५ जानेवारी)

कातळसडा यांचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याला उत्तर आहे. ते उत्तर लोकांना माहीत नसते, म्हणून मध्यस्थांचे फावते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. मोफत मिळालेला वकील कमी प्रतीचा असतो, ही समजूत मी नोकरीत असताना अनेकदा खोटी ठरताना पाहिली, आणि काही वेळा खरी ठरतानाही. म्हणून तिथेही ‘मोटार अपघाताची प्रकरणे चालवणारे वकील द्या’ असे अर्जातच लिहावे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तिथे उत्पन्नाचे जे शपथपत्र द्याल आणि दाव्यात जे उत्पन्न सांगाल, ते एकच असू द्या. आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या योजनेसाठी तहसील कार्यालयातून कमी उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो. विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद उलटतपासणीत समोर ठेवतो. वकील निवडताना हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. जो म्हणेल की काही फरक पडत नाही, त्याने उलटतपासणी फार केलेली नसावी.

आता वकिलाची परीक्षा घरबसल्या कशी घ्यावी ते सांगतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडला की वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. मोटार अपघाताचे अर्ज तिथे स्वतंत्र प्रकारात दिसतात. त्या वकिलाची अशी किती प्रकरणे आहेत, किती निकाली निघाली, किती ‘अर्जदार गैरहजर’ म्हणून काढून टाकली गेली, हे पाहा. दोन-तीन निवाडे उघडून वाचा. मी टेबलामागे बसून जे पाहिले ते एका वाक्यात सांगायचे तर, अपंगत्वाचे दावे पडतात ते बहुधा डॉक्टर साक्षीला न आल्यामुळे. दाखला फाईलला असतो, पण तो देणारा माणूस पिंजऱ्यात उभा राहिलेला नसतो. निवाड्यात ‘अर्जदारातर्फे वैद्यकीय साक्षीदार तपासला’ हे वाक्य सापडते का, एवढेच शोधले तरी पुरे.

परळचा_चाकरमानी (१६ जानेवारी)

चुलतभावाची बाजू कोणीतरी मांडावी, म्हणून लिहितो. दावा अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो किंवा काम करतो तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, असा कुठेही दाखल करता येतो, आणि विमा कंपनीच्या कचेरीच्या ठिकाणीही तो चालल्याचे निवाडे आहेत. मुंबईत या एकाच प्रकारची प्रकरणे चालवणारे वकील आहेत, त्यांना रोजचा सराव असतो आणि समोरच्या विमा कंपनीला ते चांगले ठाऊक असतात. गावच्या वकिलाला महिन्यातून एखादे प्रकरण येते. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

देवगडची_लेक (१६ जानेवारी)

अनुभवाला किंमत आहे, भाऊ, पण पुरावा कुठे आहे हेही पाहा. घटनास्थळाचा पंचनामा करणारे पोलीस इकडचे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इकडचे, ज्यांच्या घरांवर तिचा भाऊ काम करत होता ते मालकही इकडचेच. आम्ही माझ्या नवऱ्याचा दावा मुंबईत लावला होता. प्रत्येक तारखेला आदल्या रात्री गाडी पकडायची, आणि सकाळी अकरा वाजता कळायचे की आज साहेब रजेवर आहेत. कणकवलीचे डॉक्टर साक्षीला मुंबईला यायला दोनदा तयार झाले आणि दोनदा त्यांची शस्त्रक्रिया निघाली. तिसऱ्यांदा त्यांना विचारायचा धीर आम्हालाच झाला नाही.

आणखी एक बदल लक्षात घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापूरला सुरू झाले आहे आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे पुढे अपील झालेच, तरी आंबा घाट किंवा गगनबावडा ओलांडला की न्यायालय. रायगडकरांना मात्र अजून मुंबईच. ‘अपील मुंबईत होणार, म्हणून वकील मुंबईचा’ हे जुने कारण आपल्या दोन जिल्ह्यांपुरते तरी आता उरलेले नाही. वकिलाला एवढे अवश्य विचारा की विमा कंपनीने अपील केले तर ते तुम्ही स्वतः पाहणार की कोल्हापुरात तुमचे कोणी आहे. कारण अपिलाची मुदत निवाड्यापासून ९० दिवसांचीच असते.

सुरंगी (१७ जानेवारी)

मी चिपळूण परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. अपघातानंतरचे असे गुडघे रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. गुडघा किती अंशांत वाकतो, जिना चढताना कुठे अडतो, किती मिनिटे उभे राहता येते, हे आम्ही प्रत्येक बैठकीच्या नोंदीत लिहितो. त्या वह्या रुग्ण घरी नेतात आणि गणपतीच्या साफसफाईत रद्दीत घालतात. अकरा वर्षांत फक्त एका वकिलाने माझ्याकडे त्या नोंदींच्या प्रती मागितल्या आणि मला साक्षीला बोलावले. तिने मला न्यायालयात विचारले की हा माणूस उकिडवा बसू शकतो का. मी म्हणाले, नाही. तिने विचारले, पुढे कधी बसू शकेल का. मी मोजमापे दाखवून सांगितले की दीड वर्षात त्या कोनात बदल झालेला नाही. सगळी साक्ष दहा मिनिटांची झाली. तो नारळ काढणारा माणूस होता.

ताई, तुमच्या भावाच्या नोंदी आजपासून एका पिशवीत जपा. आणि ३५ टक्के हा आकडा ऐकून कोणी ‘४० नाहीत, म्हणजे काही मिळणार नाही’ असे सांगितले तर ऐकू नका. ४० टक्क्यांची अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षण आणि सरकारी योजनांच्या लाभांसाठी आहे. अपघाताच्या भरपाईला ती अट नाही. हे दोन दाखले लोकांच्या डोक्यात इतके एकमेकांत मिसळलेले असतात की ३८ टक्के आले म्हणून दावाच न करणारी दोन कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत.

खलाशाचा_मुलगा (१७ जानेवारी)

धाग्याचा विषय रस्त्यावरच्या अपघाताचा आहे, तरी एक मुद्दा जोडतो, कारण वाचणाऱ्यांत बोटीवरचे आणि बागेतले लोकही असतील. माझ्या वडिलांचा हात ट्रॉलरवर जाळे ओढताना विंचमध्ये गेला. आम्ही ज्या वकिलाकडे गेलो, त्यांनी सांगितले की गाडीचा अपघात नाही म्हणजे भरपाई नाही, मालक देईल ते घ्या. वर्षभराने दुसऱ्या वकिलांकडून कळले की कामावर झालेल्या इजेसाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे (आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे), त्यात २ वर्षांची मुदत असते आणि मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्याच वकिलांनी आम्हाला १९७६ चा प्रतापनारायण सिंह देव यांचा निकाल वाचून दाखवला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपंगत्व संपूर्ण धरले. वडील तो निकाल ऐकताना गप्प बसून होते. नंतर एवढेच म्हणाले की त्या सुताराचे कोणीतरी ऐकले.

तात्पर्य, वकिलाने कोणत्या कायद्याखाली जायचे हे आधी ठरवून ते तुम्हाला समजावून सांगितले पाहिजे. आंब्याच्या झाडावरून पडलेल्याचा रस्ता वेगळा आणि आंब्याच्या गाडीखाली आलेल्याचा वेगळा. काही वेळा कामावर असतानाच गाडीचा अपघात होतो, तेव्हा दोन्ही रस्ते खुले असतात, पण भरपाई दोहोंपैकी एकाच कायद्याखाली घेता येते. ती निवड चुकली की मागे फिरता येत नाही.

वाशिष्ठीकाठ (१८ जानेवारी)

सडा_आणि_समुद्र यांना एक प्रश्न. निवड चुकली हे मध्येच कळले तर काय करावे? आमचे वकील म्हणाले होते की पूर्ण फी दिल्याशिवाय मी कागद देणार नाही आणि ना हरकतही देणार नाही. आम्ही घाबरून तसेच राहिलो.

सडा_आणि_समुद्र (१८ जानेवारी)

तसे म्हणण्याचा त्यांना अधिकार नव्हता. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. फीसाठी ते स्वतंत्रपणे वसुली करू शकतात. ना हरकत मिळत नसेल तर न्यायाधिकरणाला अर्ज देऊन वकील बदलण्याची परवानगी मागता येते. गैरवर्तन असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करायची. ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर असल्याचे ठरवले. त्यामुळे वकील निवडतानाच जपावे लागते, कारण नंतरचा मार्ग अरुंद आहे.

पैशांच्या वाटपाबद्दलही सांगतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना सांगितले की भरपाईची रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात वर्ग करण्याचे आदेश द्यावेत. वकिलाने ‘माझ्यामार्फत खाते उघडा’ किंवा ‘कोऱ्या धनादेशावर सही करा’ म्हटले, तर तिथेच उठावे.

कातळसडा यांनी जो मुद्दा मांडला, त्याचा मी अनादर करत नाही. आमच्यातले अनेक जण फी टप्प्यांत घेतात: दाखल करताना थोडी, पुराव्याच्या वेळी थोडी, उरलेली निवाड्यानंतर, पण आकडा पहिल्या दिवशी कागदावर ठरलेला असतो. डॉक्टरांचा खर्च, नकला, प्रवास हे वेगळे लिहून घ्या. मामांच्या वकिलांनी मनापासून काम केले यात मला शंका नाही. परंतु टक्केवारीची सवय लागली की वकिलाला लवकर मिळणारे थोडे, उशिरा मिळणाऱ्या पुष्कळांपेक्षा गोड वाटू लागते, आणि तडजोडीच्या दिवशी तो कोणाच्या बाजूने बोलतो हे कळेनासे होते.

कातळसडा (१९ जानेवारी)

हे शेवटचे वाक्य पटले. टप्प्यांत फी घेणारे वकील आमच्या तालुक्यात आहेत का, याची मी चौकशी करतो. मामांना तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कोणी सांगितले नव्हते, हेही खरे.

आडवाटेचा_वाटसरू (२० जानेवारी)

तडजोडीचा विषय निघाला म्हणून लोक अदालतीबद्दल. माझ्या सासऱ्यांचे प्रकरण तिथे मिटले. दोन वर्षांऐवजी सात महिन्यांत पैसे आले आणि त्यांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडले, म्हणून मी लोक अदालतीला नावे ठेवणार नाही. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे आम्हाला सही झाल्यावर कळले. वकिलांनी आदल्या दिवशी आम्हाला बसवून सांगायला हवे होते की खटला शेवटपर्यंत चालला तर अंदाजे किती मिळू शकेल, इथे किती मिळते आहे आणि फरक कशाचा आहे. ते सांगितले असते तरी आम्ही कदाचित हो म्हटले असते. पण तो निर्णय आमचा राहिला असता. म्हणून ताई, पहिल्या भेटीतच विचारा: तडजोडीचा प्रस्ताव आला तर तुम्ही मला केव्हा आणि कसे सांगाल?

देवगडची_लेक (२० जानेवारी)

अगदी बरोबर. आणि हा प्रश्न भावाच्या समोर विचारा. सगळे बोलणे नातेवाइकांशी होते आणि ज्याचा पाय आहे तो बाजूला खुर्चीवर बसून राहतो, असे आमच्या बाबतीत झाले. वकील कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलतो, तेही पाहा.

चिऱ्याचं_घर (२२ फेब्रुवारी)

सर्वांची मनापासून आभारी आहे. उशिरा लिहिते, कारण महिना धावपळीत गेला. काय झाले ते सांगते.

आधी वकीलकाकांकडेच गेले, आईचा मान म्हणून. त्यांना निवृत्त शिरस्तेदारांनी सांगितलेला प्रश्न विचारला: आजवर अशा किती दाव्यांत तुम्ही डॉक्टरांना साक्षीला आणले? ते जरा थांबले आणि म्हणाले, पोरी, मी जमिनीचा वकील, असे दोन दावे केले आणि दोन्ही लोक अदालतीत मिटवले, तुझ्या भावाचे प्रकरण मी घेणे बरोबर नाही. घरचे माणूस म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले. त्यांनीच रत्नागिरीच्या दोन वकिलांची नावे दिली. ई-कोर्ट्सवर दोघांचीही प्रकरणे पाहिली. एकांची संख्या पुष्कळ होती, पण मी उघडलेल्या पाचपैकी चार निवाड्यांत डॉक्टरांची साक्ष नव्हती. दुसऱ्या वकीलबाईंची प्रकरणे निम्मीच होती, पण उघडलेल्या तीनही निवाड्यांत ती साक्ष होती.

भावाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टक्केवारीचा कागद बाजूला ठेवला आणि भावाला विचारले की चिऱ्याचा पहिला थर लावताना तू कसा बसतोस, ते दाखव. तो कुबडी भिंतीला टेकवून खाली बसायला गेला, आणि अर्ध्यातच टेबल धरून उभा राहिला. त्या म्हणाल्या, पुरे, बस खुर्चीवर. मग वीस मिनिटे त्या लिहून घेत होत्या: थापी कोणत्या हातात, ओळंबा धरायला कोण, परांचीवर किती वेळ, चिरा उचलताना भार कोणत्या पायावर, दिवसाला किती चिरे लागतात, हाताखाली किती माणसे होती. मी मध्येच उत्तर देऊ लागले, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले आणि त्याच्याकडेच पाहत राहिल्या. अपघातानंतर भाऊ आपल्या कामाबद्दल इतके बोलला नव्हता.

उत्पन्नाच्या दाखल्याचेही मी सांगून टाकले. पुतणीच्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही ६०,००० रुपयांचा दाखला काढलेला आहे. त्या म्हणाल्या की हा कागद समोर येणारच, म्हणून तो आपणच आधी मांडू, आणि त्याच्या जोडीला बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, घरमालकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि दोन घरमालकांच्या साक्षी देऊ. फी चार टप्प्यांत ठरली, आकडा लिहून दिला आहे. सुरंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे फिजिओथेरपीच्या सर्व नोंदी क्रमाने लावून दिल्या. आतल्या दोन पानांवर तारखा नव्हत्या, त्या आता तिथूनच लिहून आणायच्या आहेत.

मुंबईच्या चुलतभावाला राग आला होता, पण त्याने देवगडच्या ताईंचा प्रतिसाद वाचला आणि काल स्वतःहून रुग्णालयाच्या मूळ बिलांच्या झेरॉक्स काढून पाठवल्या. सुरुवातीचे पैसे त्यानेच भरले होते, म्हणून ती बिले त्याच्याकडे राहिली होती.

निवृत्त_शिरस्तेदार (२२ फेब्रुवारी)

झेरॉक्स नकोत, मूळ बिलेच मागवून घ्या, आणि वकीलबाईंकडे देताना त्यांची यादी करून त्यावर पोच घ्या. अर्ज दाखल झाला की सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरचा प्रकरणाचा ओळख क्रमांक) मिळेल. तो मोबाइलवर घातला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले हे तुम्हाला घरी दिसेल.

चिऱ्याचं_घर (९ मार्च)

मूळ बिले आली. अर्ज शुक्रवारी दाखल झाला. सीएनआर क्रमांक भावाने स्वतःच्या मोबाइलवर घालून घेतला आहे. पहिली तारीख २१ एप्रिल दिसते.